घरचा काटा

४ फेब्रुवारी, मंगळवार

खारू आज मला चावली. एकतीस वर्षांची बाई, कचेरीत नकाशे काढते, आणि बापाच्या हाताला चावली! मनगटाच्या वर दातांची अख्खी रांग उमटली आहे. जिना चढताना दोनदा थांबते, मग एवढा जोर कुठून आला?

भांडण वजनकाट्यावरून. उपचाराच्या मॅडम काल फोनवर म्हणाल्या होत्या, "घरचा काटा उद्याच्या उद्या बाहेर काढा. यापुढे वजन आठवड्यातून एकदा, इथे, माझ्यासमोर." मी न्हाणीघरातून काटा उचलला तर ही दारात आडवी. "तो आईचा आहे. हात लावू नका." मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय. "मॅडम गेल्या खड्ड्यात!" ती एका बाजूने ओढते, मी दुसऱ्या. भिंतीवरचा आरसा खाली आला, त्याचा चुरा. मग दात.

तरी काटा सोडला नाही मी. दुकानात नेऊन फळीवर ठेवला. आमचं दुकानच वजनकाटे दुरुस्तीचं — तिथे एकाने काय फरक पडतो.

६ फेब्रुवारी

हात सुजला. भागीदाराने विचारलं तेव्हा कुत्रा चावला म्हणालो. त्याने वाकून नीट पाहिलं. "कुत्र्याचे दात फारच सरळ आहेत हो!" पुढे काही विचारलं नाही. चहा मात्र त्यानेच आणून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

खारूच्या आईला जाऊन आज आठ महिने झाले. तिचा चष्मा अजून फ्रिजवर आहे. मी तो पुसतो आणि तिथेच ठेवतो.

खारूचं हे न खाणं बारा वर्षांचं. मी त्यात कधी पडलोच नाही. मायलेकींचं काहीतरी आहे, असं म्हणून पेपर वाचत बसायचो. दर रविवारी सकाळी दोघी न्हाणीघरात जायच्या, खारू काट्यावर उभी राहायची, आई शेजारी. आकडा वाढलेला दिसला की खारू दोन-दोन दिवस तोंडाला काही लावायची नाही. कमी दिसला की निवांत जेवायची. एवढंच मला ठाऊक. आई गेली आणि खारू उतरणीला लागली.

डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून दाखवली. वजन हिच्याखाली गेलं तर सरळ वॉर्डात. तोवर घरी राहून मॅडमकडे जायचं, चाळीस मंगळवार. "पण ती सज्ञान आहे. उद्या उठून येत नाही म्हणाली, तर तुम्ही काही करू शकत नाही. मीही नाही." सही खारूनेच केली. सहीसुद्धा किती बारीक!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमकडे पहिलं वजन. मलाही बोलावलं होतं. डॉक्टरांकडे आजवर ती काट्याकडे पाठ करून उभी राहायची. इथे तसं चालत नाही, आकडा दोघींनी मिळून बघायचा आणि मग त्यावर बोलायचं.

आकडा घरच्यापेक्षा बराच जास्त निघाला. ती गोठली. मग टेबलावरचा पाण्याचा जग भिंतीवर! काचा माझ्या बुटापर्यंत आल्या. "हा काटा खोटा आहे! खोटारडे आहात सगळे!" खुर्ची उचलली, तीही फेकली.

मॅडमचा आवाज चढला नाही. "खोटा असेल तर तपासून घेऊ. तुझ्या वडिलांचं कामच ते आहे ना?"

गाडीत प्रमाण वजनं असतातच माझ्या. आणली, चढवली. काटा बरोबर होता, केसाचा फरक नाही. मी तसं सांगितलं. थोबाडीत मारल्यासारखं पाहिलं तिने माझ्याकडे.

घरी येऊन खोलीत गेली. कडी लावली.

१३ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

दोन दिवस फक्त पाणी आणि काळा चहा. संध्याकाळी सूप करून नेलं. तिने वाटीखालची ताटली फेकली, कपाळावर लागली माझ्या. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिचा जबडा धरला. हो, धरला! चमचा दातांवर आपटला. ती पाय झाडत होती आणि मी ओरडत होतो, "गिळ! आई तुझ्या काळजीने गेली, गिळ!" ओठ फुटला तिचा. सुपात रक्त.

आई गेली हृदयविकाराने. तेही मला ठाऊक आहे.

मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही भांडत होता आजाराशी. ओठ मात्र तिचा फुटला." पुढे म्हणाल्या, परत असं करायचं नाही, कधीच नाही. शेजारी बसायचं, आपलं आपण जेवायचं, दुसरं काहीतरी बोलायचं. सौदा नाही, धमकी नाही.

मला दुसरं काही बोलता येत नाही. आयुष्यभर खारूची आई बोलली, मी मान हलवली.

१४ फेब्रुवारी

शेजारी बसलो. तराजूची दांडी कशी सरळ करतात ते सांगितलं. ती म्हणाली, "हे मला सहावीत सांगितलंय." अर्धा पेला दूध घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद असतं. मुद्दाम गेलो — तो काटा फोडायला! त्याच्यापायीच सगळं, असं डोक्यात बसलं होतं. हातोडा उचललासुद्धा. पण चाळीस वर्षांची सवय, काटा समोर आला की आधी वजन ठेवून बघायचं. ठेवलं.

काटा कमी दाखवतो! चांगला तीन किलोने कमी.

उलटा केला. खालचा स्क्रू फिरवलेला आणि त्यावर लाल ठिपका, नेलपॉलिशचा. काटा जुळवला की स्क्रूवर रंगाचा थेंब टाकायचा, म्हणजे मागून कुणी फिरवला तर रंग फुटतो आणि चोरी कळते. ही माझी पद्धत. दुसरं कुणी करत नाही. खूप वर्षांपूर्वी खारूच्या आईने विचारलं होतं, "अहो, हा आकडा पुढे-मागे कसा करतात?" मी हसत हसत दाखवलं. म्हटलं, का, स्वतःचं वजन लपवायचंय वाटतं? तीही हसली.

म्हणजे इतकी वर्षं ही काट्याला खोटं बोलायला लावत होती. आकडा कमी दिसावा, पोरगी घाबरू नये, चार घास खावेत म्हणून. शेकडो काटे तपासले मी. शिक्के मारले, लबाड दुकानदारांना लोकांसमोर झापलं. घरचा काटा एकदाही तपासला नाही.

हातोडा हातातच होता. टेबलाचा कोपरा फोडला, दांडा तुटेपर्यंत. मला का नाही सांगितलंस? निदान जाताना तरी? मेलेल्या माणसाची कॉलर धरता येत नाही.

काटा फोडला नाही.

१७ फेब्रुवारी

सांगावं. सांगू नये. खारूकडे आईचं एवढंच उरलंय. सांगू नये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खारू आत वजनाला गेली होती. त्यानंतर मी मॅडमना एकटं गाठून सांगितलं. "या खोलीत खोटं चालत नाही," त्या म्हणाल्या. "मायेचंही नाही. ती सगळा हिशोब त्या आकड्यावर मांडते आणि तो आकडाच खोटा होता. तिला कळायला हवं. पण सांगायचं तुम्ही."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. काटा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, स्क्रू दाखवला, आईचं नाव घेतलं. तीन वाक्यांत संपलं.

ती उठली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारत सुटली. "आईला चोर म्हणता? स्वतः कधी ताटाकडे पाहिलंत? पेपर! नुसता पेपर!" मी हात वर केले नाहीत. खरंच होतं ते. मॅडम मध्ये आल्या तेव्हा ती वळली आणि दाराच्या काचेतून मूठ आरपार घातली. रक्त कोपरापर्यंत आलं. सात टाके.

गाडीत म्हणाली, "पुढच्या मंगळवारी मी येणार नाही. कुणाच्याच काट्यावर चढणार नाही."

२८ फेब्रुवारी

डॉक्टर हात बघायला आले होते. जिन्यात मला बाजूला घेतलं. "मॅडमनी कळवलेल्या शेवटच्या आकड्यावरून रेघेच्या वर आहे. पण अगदी चिकटून."

१ मार्च

मॅडमचा निरोप: "तिची वेळ तिचीच राहील. दुसऱ्या कुणाला देणार नाही." तेवढंच लिहून खारूच्या बंद दाराखालून चिठ्ठी सरकवली. चिठ्ठी परत आली नाही.

२ मार्च, रविवार

आज वजनासाठी न्हाणीघरात कुणी गेलं नाही. दाराबाहेर खुर्ची टाकून जेवलो. दाराशी बोललो — भागीदार, कुत्र्याचे सरळ दात, सगळं. आतून काहीतरी आवाज आला. हसली असेल. खोकलीही असेल.

४ मार्च, मंगळवार

सकाळी लवकर दुकानात गेलो. म्हटलं, तो काटा एकदा खरा करून ठेवू. लाल रंग खरवडायला भिंग लावलं. ठिपका मधोमध फुटलेला होता. आणि स्क्रूच्या पलीकडच्या कडेला दुसरा, टाचणीएवढा. हिरवा. नकाशाची शाई.

म्हणजे आई गेल्यावर स्क्रू पुन्हा फिरवला गेला आहे. आणखी कमीकडे. आणि वर थेंब टाकला आहे, माझ्या पद्धतीने.

घरी आलो. दाराशी उभा राहिलो. "खारू, स्क्रूवर हिरवी शाई आहे."

मग कडी निघाली.

"मला भूक लागायची, बाबा. आकडा कमी दिसला तरच खाता यायचं."

आत्ता ती मॅडमकडे जायला चपला शोधते आहे. एका हाताने बंद लावता येत नाही म्हणाली. जातो, लावून देतो.