चादरीची टोकं

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस. शाळेत जेवढं बसलो तेवढंच येतं. परवा तू अगदी सहज सांगितलंस, की नर्सिंगला तुझा नंबर लागलाय आणि तू त्यांना ‘नाही’ म्हणून कळवणार आहेस, कारण बाबांना उठवायला-बसवायला घरात दुसरं आहे कोण. लगेच विचारलंस, जेवलास का. मी हो म्हटलं. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

इथे ठीक आहे. इस्पितळाच्या तळघरात आमचं धुलाईघर, दिवसभर वाफ. खोलीवर आलो की खिडकीसमोर भिंत. खोलीतले बाकीचे आपापल्या भाषेत घरी फोन करतात, मी पांघरूण डोक्यावर घेऊन ऐकत पडतो. शब्द कळत नाहीत, पण कोण आईशी बोलतंय आणि कोण बायकोशी, ते आता आवाजावरून कळतं.

बरं, गंमत सांगतो. इथल्या कामगारांची दरवर्षी रस्सीखेच असते. धुलाईवाले म्हणजे पहिल्याच फेरीत बाहेर. गेल्या वर्षी तर लोक हसून लोळले. समोर सामान उतरवणारे, एकेकाची मान माझ्या मांडीएवढी. शिट्टी झाली, आम्ही झटका दिला, ते लोक हललेसुद्धा, आणि पुढच्याच क्षणी आमचे सगळेच्या सगळे एक पाऊल पुढे. कुणी ओढलं नव्हतं. सवय! दिवसभर आम्ही दोघं-दोघं समोरासमोर चादर धरतो, झटकून ताणतो, मग एकजण पुढे चालत जाऊन आपली टोकं दुसऱ्याच्या हातात देतो. हाताला ताण लागला की पाय आपसूक पुढे जातात. समोरच्यांना आम्ही दोरीची घडी घालून दिली, दुसरं काय.

या वर्षी आमच्या मुकादमबाईंनी मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत ओल्या चादरींना पीळ घालून दोर केला आणि बॉयलरमागे सराव सुरू. आमच्यात धड एक भाषा नाही, म्हणून इस्त्रीवरचा लांबू सूर धरायचा आणि त्या सुरावर सगळ्यांनी एकदम मागे रेलायचं. बाईंचं सांगणं एकच, "ताणून धरा. घडी घालू नका." आणि दोरीच्या शेवटी घट्ट उभं राहायला त्यांनी निवडलं कुणाला, तर मला. तू मला भिंगरी म्हणतेस हे त्यांना कुठे माहीत? सुरुवातीला पाय नुसते शिवशिवायचे. पुढचे ओढतात, ओरडतात, घसरतात. शेवटच्याने फक्त हलायचं नाही. त्याला कुणाचं तोंड दिसत नाही, नुसत्या पाठी. वळून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो आहेच, असं सगळे धरून चालतात.

मागच्या रविवारी सामानवाल्यांना आम्ही हरवलं, ताई. दोरी जागची हलेना. माझ्या टाचा मातीत रुतल्या, लांबूचा सूर फाटला, तरी आमचं एकही पाऊल पुढे गेलं नाही. शेवटी त्यांच्यातलाच एक घसरला. पुढच्या फेरीत पहारेकऱ्यांनी आम्हाला फरफटत नेलं, ते सोड. जिंकल्या जिंकल्या जो तो घरी फोन करायला पांगला. मीही केला. तू बाबांना भरवत होतीस. म्हणालीस, "पटकन बोल रे, हात खरकटा आहे." मागून बाबांचा ठसका ऐकू आला. मी म्हटलं, काही नाही, सहजच. मग हाताला दोरीचे वळ घेऊन मैदानातच बसून राहिलो.

परवा तुझा फोन ठेवला आणि मला त्या पाठी आठवल्या. माझी पाठ तू किती वर्षं बघतेयस? वाळलेल्या चादरींची घडी आपण दोघं घालायचो तेव्हा दर वेळी पुढे यायचो मी, माझी टोकं तुझ्या हातात कोंबायचो आणि खेळायला पसार. तू मागे उभी, दोन्ही टोकं सांभाळत. बाईंना मी सांगून टाकलंय, हा महिना संपला की निघतो. नर्सिंगवाल्यांना हो कळव. बाबांना कुठे धरून उठवायचं ते दाखव, आधी चुकेन, मग जमेल. भांडायचं असेल तर मी घरी आल्यावर भांड. या वेळी मागे मी उभा राहतो, पाय हलवणार नाही. तू पुढे चालत ये, तुझी टोकं माझ्या हातात दे, आणि जा.

तुझाच,
भिंगरी