कीड गेली की टाकी नेईन

९ फेब्रुवारी, रविवार

एकाचे डझनभर झाले! आणि ही करामत कुणाची — तर आमच्या सौ.ची!

आकांक्षाच्या माशांच्या टाकीत, त्या जांभळ्या कोरलच्या बुडाशी, गेल्या महिन्यात एक तपकिरी झुपका उगवला होता. दिसायला अगदी इवलासा माड. आकांक्षा फोनवर म्हणाली होती, "बाबा, एपटेशिया आहे तो. कीड आहे. शेजारच्या कोरलला डंख मारून मारून संपवतो. कुणी हात लावू नका, मी येईन तेव्हा बघते." पण सुभद्राला धीर कुठला? माझ्या पाठीमागे हिने टाकीत हात घातला आणि मासे साफ करायच्या सुरीने तो झुपका दगडावरून खरवडून काढला. खवले काढतात तसा! आज पकडल्यावर वर मलाच ऐकवलं, "मासो साफ करूक येता माका, ह्यां काय मोठां?" मोठंच होतं. त्याचा कण सुटला की कण जिथे टेकेल तिथे नवा माड. टाकीभर वाडी लागली आहे.

पोर धावत आली. आधी चिडली, मग आईचा चेहरा बघून हसत सुटली. जेवून गेली. बांगड्याचं तिखलं दोनदा घेतलं.

जाताना म्हणाली, "कीड गेली की टाकी नेईन. एक जरी राहिला ना बाबा, तरी नवीन घरात नाही न्यायची."

१० फेब्रुवारी

घर गप्प झालं परत.

ही टाकी तिने पहिल्या पगारातून घेतली. खारं पाणी, दिवे, पंप — हॉल अर्धा टाकीनेच खाल्ला. तेव्हा मी किती बोललो तिला! आता ती सासरी, ठाकूरद्वारला, आणि तिच्या टाकीत रोज पाणी घालतो मी. लालबाग ते ठाकूरद्वार, अंतर ते काय? पण लग्न झालेल्या मुलीला उगाच "ये" म्हणता येत नाही. काहीतरी निमित्त लागतं. दिवाळीनंतर ती तीनदा आली असेल. मी मोजत नाही म्हणतो, पण मोजतो.

काल आली ती त्या किडीमुळे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

चुन्याचा प्रयोग! आकांक्षाने सांगितलेलं औषध दुकानात मिळालं नाही. मी म्हटलं, त्या औषधात असतं काय? म्हणाली, चुनाच की. मग खाली आनंदाच्या पानपट्टीवर गेलो. "काका, पान सोडलंत ना?" म्हटलं, माझ्यासाठी नाही, माशांच्या घरी पाहुणे आलेत त्यांना द्यायचाय. तो बघतच राहिला.

टाकीच्या पाण्यात चुना कालवला, साय होते तेवढा घट्ट. इंजेक्शनच्या पिचकारीत भरला. "पंप बंद!" आकांक्षा ओरडली, मी बटण दाबलं. पाणी थांबल्यावर हळूच प्रत्येकाच्या तोंडावर थेंब. जराशी चाहूल लागली तर बिळात पळतात हरामखोर. ती बॅटरी धरून सांगणार, मी टाकणार. वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं नट आवळले, पण हात इतका स्थिर कधी धरला नसेन. दुपार कुठे गेली कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिने कोळंब्या आणल्या. जिवंत, लाल पट्ट्यांच्या. त्या लहान माड खातात म्हणे. सुभद्रा कमरेवर हात ठेवून उभी — "कोळंबी कोण पाळता काय? कोळंबी खातत." आकांक्षा हसून हसून खाली बसली. हे हसणं घरात ऐकायला मिळावं म्हणून मी आणखी कोळंब्या आणीन.

५ मार्च

संपत आली कीड. कोळंब्या इमानी निघाल्या. वरच्या टाकीत एकही नाही. जांभळं कोरल परत फुललंय.

आनंद व्हायला हवा.

खालच्या कपाटात फिल्टरची टाकी आहे, तिच्या कोपऱ्यात एक सापडला. चांगला टपोरा. चुना कालवला, पिचकारी भरली, आणि भरलेली पिचकारी परत मोरीत धुतली. का धुतली ते मला ठाऊक आहे. इथे नाही लिहायचं तर कुठे लिहायचं? हा गेला की टाकी जाणार. टाकी गेली की रविवार जाणार.

नाव ठेवलं — गंगाधर. आमच्या वर्कशॉपात या नावाचा मुकादम होता, बारा वर्षं त्याची बदली कुणाला जमली नाही. रात्रीच्या सुरमईचा न शिजवलेला कण टाकला त्याला. झडप घालून खाल्ला!

९ मार्च, रविवार

आकांक्षाने बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा बघितला. काही नाही. "अजून असेल कुठेतरी," ती म्हणाली. "मागे बघ ना बाबा, नीट." मला राहवलं नाही. दाखवला गंगाधर. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! म्हटलं, शिकाऱ्याला शिकार दिसली. पण पिचकारी मागेना. "आज राहू दे. दमलेय. पुढच्या रविवारी मारू." म्हटलं, बरं. मनातल्या मनात गंगाधरला नमस्कार केला.

सुभद्रा शिमग्याला गावी निघाली आहे. बॅग भरता भरता म्हणाली, "चेडवाचा तोंड उतरलेला दिसता." मी म्हटलं, पोर उन्हातून आली, ऊन किती पडलंय बघतेस ना.

१६ मार्च, रविवार

सुभद्रा गावी. मी पिठलं-भात केला, भात खाली लागला. पोर एकटीच आली, जेवली आणि तिच्या जुन्या खोलीत जाऊन झोपली. संध्याकाळपर्यंत! लहानपणी परीक्षा संपल्यावर झोपायची तशी, भिंतीकडे तोंड करून. मी दारातून दोनदा बघून आलो. टाकीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. निघताना चप्पल घालायला तिला फार वेळ लागला.

किती बरं वाटलं मला. घरात कुणीतरी झोपलेलं असणं.

३० मार्च, पाडवा

जोडीने आली. जावई सिद्धांत सभ्य मुलगा, मोजकं बोलणारा. श्रीखंड हवं तर घेतो, नको तर नको म्हणतो, आग्रह चालत नाही. आकांक्षा आज फार नीट बसली होती, पाहुण्यासारखी.

ती आत आईजवळ गेली तेव्हा सिद्धांत टाकीपाशी आला. हळूच म्हणाला, "बाबा, हॉलमधला कोपरा मी रिकामा ठेवलाय. ती तिथे रमत नाहीये. मला वाटतं हिची टाकी आली की रमेल. कधीपर्यंत होईल?"

तो वाट बघतोय, ती तिकडे झुरतेय, आणि मी इथे सुरमई घालून कीड पोसतोय! कसला बाप मी? मुलगी दिली ती दिली. अर्धी ठेवून घ्यायची नसते.

३१ मार्च

गंगाधर गेला. पंप बंद केला, घट्ट चुना, पूर्ण पिचकारी. नंतर मोरीपाशी बसून राहिलो. सुभद्रा म्हणाली, "काय झाला?" म्हटलं, डोळ्यात चुना गेला.

५ एप्रिल

पाच दिवस बघतोय. वर, खाली, पाइपात, पंपामागे. स्वच्छ! आकांक्षाला फोन केला. म्हटलं, टाकी घेऊन जा बाळा, एकही नाही राहिला.

तिने उलट मलाच विचारलं.

"नीट बघितलंस ना तू? पाइपात?"

"बघितलं गं."

"परत येतात ते, बाबा. थोडे दिवस थांबू या."

"तुझ्या घरी जागा तयार आहे, सिद्धांत म्हणाला."

"...हो. बरं."

म्हटलं, आनंदच आवरत नसेल तिला.

६ एप्रिल, रविवार

आली नाही. कशाला येईल? आता काम काय इथे?

सुभद्राने तिच्या वाटणीचं तिखलं झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी फ्रिजमध्ये टाकलं.

११ एप्रिल

टेम्पोवाल्याशी बोललो. पाणी पिंपात काढायचं, दगड ओल्या कापडात, कोरल वेगवेगळ्या डब्यांत. सगळं कागदावर मांडलं. टाकी गेल्यावर त्या भिंतीला काय लावायचं, सुभद्रा विचारते. काही नको म्हटलं.

कोरल इतकं सुंदर दिसतंय की बघवत नाही. तळहाताएवढं झालंय. दिवे लागले की सगळं एकदम उघडतं, हलायला लागतं. ही पोर रोज संध्याकाळी इथे स्टुलावर बसायची, ऑफिसचा ड्रेस न बदलता. मी ओरडायचो, आधी हातपाय धू.

१३ एप्रिल, रविवार

नाही आली. टेम्पो कधी पाठवू विचारलं, मेसेज बघून ठेवला आहे. उत्तर नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आकांक्षा आली. एकटी. मोठी बॅग घेऊन. टाकीकडे बघितलंही नाही. सुभद्राने भांड्यात आणखी तांदूळ घेतले. पाणी पिऊन झाल्यावर पोर म्हणाली, "बाबा, तिथे मी सोमवारपासून नुसती रविवारची वाट बघत बसायचे रे."