सिग्नलवर ढकललेली गाडी

सक्करदरा, नागपूर
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रेमिला, तुला आणि वरुडच्या सगळ्या मंडळींना बाबाचे आशीर्वाद.

इकडे पाऊस फार आहे. तलाव काठोकाठ भरला आहे आणि घरात कपडे वाळत नाहीत. तुमच्या संत्र्याच्या बगीच्यात पाणी साचलं का, ते कळव. फोनवर विचारता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, शेजारी गिरिधरराव बसलेले असतात, आणि जावयासमोर मला काही सुचत नाही. म्हणून पत्र. सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, अक्षर सांभाळून घे.

तू काजलचं विचारलं होतंस. तुझी पोरगी सुखरूप आहे. जेवण बरं आहे. सकाळी साडेनऊला शोरूमला जाते आणि रात्री साडेआठला येते. आठ वाजले की मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. ती म्हणते, "आबाजी, काहून उभे रायता रोज? पाय दुखतीन न." मला उभं राहिल्याशिवाय जमत नाही. तुझ्या वेळची गोष्ट वेगळी होती. ते जाऊ दे.

ती ज्या गाड्या विकते त्या पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालतात. हायब्रिड म्हणतात. लांबड्या डिकीच्या, एक मधली आणि एक मोठी. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, घरी वायर लावून चार्ज करावी लागते का? नाही लागत. आता हे मलाही पाठ झालं आहे.

पण आकडे पाहून माझा जीव खालीवर होतो. सगळ्या शोरूमच्या मिळून एप्रिलमध्ये मधल्या चौदा गेल्या आणि मोठ्या तीन. मेमध्ये बारा आणि दोन. जूनमध्ये नऊ आणि दोन. जुलैत सहा आणि एकच. म्हणजे उतरणच लागली ना? काजल म्हणते, "आषाढात असंच रायते आबाजी. मधली गाडी घेणारा पंचांग पाहून येते. मोठी घेणारा त्याच्या सीएले विचारून येते." असेल तसं. पण तिच्या स्वतःच्या नावावर चार महिन्यांत सहाच गाड्या आहेत, आणि सप्टेंबर संपेपर्यंत बारा झाल्या तरच नोकरी पक्की. नाही झाल्या तर दिवाळीआधी तिला वरुडला न्यायचं आणि चांदूरच्या पाहुण्यांना होकार कळवायचा, असं गिरिधरराव बोलले आहेत. मुलगी त्यांची आहे, मी मध्ये बोलणारा कोण. फक्त ती त्या मुलाचं नाव निघालं की ताट घेऊन उठते, एवढं तुला माहीत असावं.

बाकी ठीक. पावसात ओल्यात काम करू नकोस.

तुझा,
बाबा


सक्करदरा, नागपूर
बुधवार, २५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रेमिला हिला आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. माझा डावा पाय मुरगळला आहे. तेल चोळतो आहे, उतरेल. कसा मुरगळला, ते सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्ट बरा गेला. मधल्या दहा, मोठ्या दोन, त्यात काजलच्या तीन. गणपतीत तर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सतरा तारखेपर्यंत मधल्या अकरा गेल्या आणि मोठी एक. काजलने दोन विकल्या. म्हणजे अकरा झाल्या तिच्या. एक राहिली. फक्त एक.

आणि पितृपक्ष लागला. त्या दिवसापासून मधली एकही गेली नाही. मोठी मात्र एक गेली, एका कोळशाच्या ठेकेदाराने नेली. त्याला कोणी म्हणालं, या पंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नसते. तर म्हणतो कसा, "हमारे पुरखों ने बैलगाड़ी के सिवा कुछ देखा नहीं, वो तो खुश होंगे." पण ती दुसऱ्या पोराच्या नावावर गेली.

काजलची बारावी गाडी ठरल्यातच जमा होती. प्रताप नगरचे मधुसूदन साहेब म्हणून आहेत, वीज मंडळातून रिटायर झालेले. पंधरा तारखेला त्यांनी घरी बोलावून गाडी चालवून पाहिली. बुकिंगची पावती फाटली की गाडी मोजतात, आणि ते सोळाला बुकिंग करतील असं आम्ही धरलं होतं. पण पितृपक्ष तोंडावर आला म्हणून थांबले. पितृपक्षामुळेच, दुसरं काही कारण नाही. गिरिधररावांनाही असंच सांग.

 काजल रात्री येते, चहा घेते, मोबाईलवर कोणाकोणाला मेसेज पाठवत बसते. पाच दिवस राहिले. मी देवापुढे बसतो तर डोक्यात बाराचाच आकडा फिरतो.

तू तिच्यावर रागावू नकोस. तिची काही चूक नाही.

तुझा,
बाबा


सक्करदरा, नागपूर
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. प्रेमिला, तुला दसऱ्याचं सोनं पत्रातूनच पाठवतो, आणि खूप आशीर्वाद.

काजलची नोकरी पक्की झाली. हे तुला तिने फोनवर सांगितलंच आहे, पण मला माझ्या हाताने लिहायचं होतं. सही-शिक्क्याचं पत्र मिळालं. मी ते तीनदा वाचलं, इंग्रजीत असूनही वाचलं. आणि गिरिधरराव "पक्की झाली न, मंग राहू द्या तिले तिथंच" असं म्हणाले, हे ऐकल्यापासून मला श्वास पूर्ण घेता येतो आहे. चांदूरला नकार कळवून टाकला, हे फार चांगलं झालं.

आता मागचं सांगतो. पंचवीस तारखेच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं.

पंधरा तारखेला मधुसूदन साहेबांनी गाडी संध्याकाळी सात वाजता घरी आणायला सांगितली होती. मला राहवेना. परक्या घरी, त्या वेळेला, एकटी पोरगी. मी म्हटलं, मीही येतो. तिने मॅनेजरला विचारलं आणि मला सांगितलं, "या. पण मांगं चूप बसा न बाप्पा." मी कबूल केलं. साहेब चालवत होते, काजल त्यांच्या शेजारी, मागे मी आणि त्यांच्या मिसेस, प्रेमलताबाई; त्यांनी विचारलं म्हणून टेम्पो चालवायचो एवढं सांगितलं.

चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनचा आवाज गेला. एकदम चूप. मी गांधीबागेत कापडवाल्यांचा टेम्पो बत्तीस वर्षं चालवला, तुला माहीतच आहे. माझ्या कानाला त्या शांततेचा एकच अर्थ कळतो. काजलने घरी दहा वेळा समजावलं होतं की ही गाडी उभी राहिली की इंजिन आपलं आपण बंद होतं, निघताना बॅटरीवर निघते. पण मागे गणपती पाहायला निघालेली गर्दी, हॉर्नवर हॉर्न, आणि माझी नात पुढे बसलेली.

"बंद पडली गा!" म्हणून मी ओरडलो, दार उघडून खाली उतरलो आणि मागून ढकलायला लागलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पानठेल्यावर दोघे उभे होते, त्यांनाही हाक मारली, "हात लावा गा, पाहून काय राहिले!" तेही आले. आम्ही तिघे जोर लावतो आहोत तोच सिग्नल हिरवा झाला आणि गाडी आवाज न करता आमच्या हातातून पुढे निघून गेली. मी पालथा पडता पडता वाचलो. पाय तेव्हाच मुरगळला. पानठेलेवाला टाळ्या वाजवून राहिला होता, "चालू झाली काकाजी, चालू झाली!"

साहेबांनी पुढे गाडी थांबवून मला आत घेतलं. साहेब घराशी उतरले आणि "पाहू, कळवतो" म्हणून आत गेले. काजल गाडी परत नेताना मला एवढंच म्हणाली, "आबाजी, पाय लई दुखते का?" ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी सोळाला बुकिंग केलं नाही. ते माझ्यामुळे केलं नाही, असं मी धरून चाललो, आणि तुला पितृपक्षाचं कारण लिहिलं.

पुढे तीस तारखेला मॅनेजरने काजलला केबिनमध्ये बोलावलं. गौरांग सर त्यांचं नाव, वयाने लहानच आहेत. मी घरी तिच्या वरुडला न्यायच्या बॅगेवरची धूळ पुसून ठेवली होती. पण सर म्हणाले, "भूमिकाला आणि तुला, दोघींनाही एकच सांगतो. दहा वर्षांचे आकडे माझ्यासमोर आहेत. या पंधरा दिवसांत मधली गाडी जात नाही आणि दसऱ्याला दुप्पट जाते. हे दिवस मी कोणाच्याच मुदतीत धरत नाही. दसऱ्यापर्यंत वेळ घ्या." भूमिका म्हणजे तिच्या सोबतची मुलगी, तिच्याही अकराच होत्या. शिकलेला माणूस आकडे कसे वाचतो पाहा. मला प्रत्येक महिन्यात फक्त उतरण दिसत होती.

तीन तारखेला, घट बसले त्या सकाळी, नऊच्या आत प्रताप नगरहून फोन. बुकिंग करायचं आहे, दसऱ्याला गाडी पाहिजे, आणि गाडी घ्यायला येऊ तेव्हा ते ढकलणारे काका तिथे हवेत.

मी जाणार नव्हतो. काजलने धरून नेलं. शोरूममध्ये काल एकामागून एक गाड्या निघत होत्या. दसऱ्यापर्यंतच मधल्या एकोणीस आणि मोठ्या तीन गेल्या आहेत, पूर्ण ऑक्टोबर अजून बाकी. मी हात जोडून साहेबांची माफी मागायला गेलो तर प्रेमलताबाईंनीच मला खुर्चीवर बसवलं.

"अहो काका, माफी कसली? आमच्या ह्यांची जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू झाली की अख्खी गल्ली उठते. तीस वर्षं मी त्या गाडीत बोलतेय आणि ह्यांना एक शब्द ऐकू जात नाही. मी घरी गेल्या गेल्या म्हटलं, टेम्पो चालवणाऱ्या माणसाला जिचा आवाज ऐकू आला नाही, तीच घ्यायची."

"म्हणजे आता मला ऐकावं लागणार," साहेब म्हणाले. "काका, तुम्ही माझं फार नुकसान केलं."

मी विचारलं, मग सोळा तारखेला का नाही केलं? बाई म्हणाल्या, "सासूबाई गेल्या त्याचं पहिलंच वर्ष. त्यांचं श्राद्ध व्हायच्या आधी नवी गाडी कशी ठरवणार? हे म्हणालेच होते ना, कळवतो म्हणून."

म्हणजे प्रेमिला, मी जे खोटं समजून तुला लिहिलं, ते खरंच होतं. मी इतके दिवस उगाच जळलो. मला तिथेच हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. काजल म्हणाली, "आता इथं रडू नका, फोटो काढून राहिले ते."

इथे पत्र संपवता आलं असतं. पण आणखी एक राहिलं आहे. पायाचं सांगून झालं, हे सांगायला जड जातं.

पंधरा तारखेला रात्री, गिऱ्हाईक हातचं गेलं असं वाटलं तेव्हा, मला वाईट तर वाटलंच, पण त्याखाली बरंही वाटलं. पोरगी वरुडला जाईल, लग्न होईल, मग मला रोज घड्याळ पाहावं लागणार नाही. असं माझ्या मनात आलं. काल घरी आल्यावर मी हे काजलला सांगितलं. वाटलं, ती बोलणं टाकेल. ती आपट्याची पानं ताटात लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मले मालूम होतं आबाजी. त्या दिवशी तुमी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

ते ऐकल्यापासून मला तुझीच आठवण येते आहे. तू अठरा पूर्ण केलेली, त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये कागद लिहायच्या कामाला लागली होतीस. एकोणीस दिवस गेलीस. विसाव्या दिवशी तुला यायला चाळीस मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये जाऊन डॉक्टरांना सांगून आलो की ती आता येणार नाही. तुला घरी येऊन सांगितलं.  तू जेवली नाहीस. मी त्या दिवशी पोटभर जेवलो होतो. आठवतं मला.

वर्षाच्या आत तुझं लग्न केलं. गिरिधरराव चांगले निघाले, त्यात माझी काही हुशारी नव्हती. मला भीती वाटत होती, ती घालवायला मी तुझं काम बंद केलं. काळजी, जमाना, लोक काय म्हणतील, असं मी तेव्हा सांगितलं. ते सगळं त्या भीतीचंच होतं. इतकी वर्षं हे मी तुझ्याशी बोललो नाही. तू विचारलंही नाहीस, आणि तू विचारत नाहीस म्हणून विसरली असशील असं मी समजत गेलो.

याचं उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवर मी मध्येच बोलतो. लिही, वाटेल ते लिही. आणि नाहीच लिहावंसं वाटलं तर दिवाळीला ये, काजलकडे शोरूममध्ये जा आणि तिला गिऱ्हाइकाशी बोलताना एकदा पाहून घे. मी घरीच थांबेन.

तुला न विचारता तुझी नोकरी सोडवून आलेला,
तुझा बाबा