देवळातली हजेरी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आईचंच काहीतरी झालं असं वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. म्हणजे हिंडते-फिरते, जेवते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. आधीच्या कागदावर ‘आई ठीक आहे’ असं लिहिलं होतं. ते खोटं वाटलं म्हणून तो फाडला. ‘बरी’सुद्धा तितकंसं खरं नाही. ती विसरायला लागली आहे, ताई. चष्मा, किल्ल्या वगैरे सगळेच विसरतात. ती बाथरूमचं दार कुठे आहे ते विसरते. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. किती हळू, असं विचारलं, तर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

हे तुला केव्हाच कळवायला हवं होतं. पण तू तुझ्या मनाने लग्न करून गेलीस त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात उभं करून बजावलं होतं, ‘या घरात तिचं नाव काढायचं नाही आणि इथलं काही तिला कळवायचं नाही. शब्द दे.’ मी दिला. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय मी ती पुढे सरकवत नाही, बाकीच्या हसतात. मग आईला दिलेला शब्द कसा मोडणार? आता तर तिला तो घेतल्याचंही आठवत नाही. शब्द घेणारीच विसरली, तर देणारी सुटते का? तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘बाई गं, तू वकील तरी हो, नाहीतर झोप तरी.’

गेल्या महिन्यापासून तिने डोंगरावरच्या देवळाचा धोशा लावला होता. आपल्या घरच्या शाळेची परीक्षा झाली की ती आपल्याला तिथे न्यायची, आठवतं? खरी शाळा दरीपलीकडे, म्हणून चौथीपर्यंत आईच आपली बाई, आईच हेडबाई. वर्गात मुली दोनच, तरी रोज सकाळी हजेरी. आधी तुझं पूर्ण नाव, मग माझं. डोंगर चढताना धुकं उतरलं की ती वळणावर थांबायची आणि तिथेही हजेरी घ्यायची. तू मुद्दाम झाडामागे गप्प राहायचीस, मग तुझा आवाज काढून मीच ‘हजर!’ ओरडायचे. ती मागे वळूनही न बघता म्हणायची, ‘दुसऱ्याची हजेरी लावायची नाही.’ आणि तू बाहेर येईपर्यंत माझं नाव घ्यायची नाही. मला ते फार लागायचं. वाटायचं, आपण इथे समोर उभे आहोत, तरी आपला नंबर लागत नाही.

तर गेल्या आठवड्यात मी रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. आता देवळाच्या खालच्या अंगाला जीप जाते. ड्रायव्हर म्हणाला, ‘मावशी, पुढे बसा, मागे हाडं खिळखिळी होतील.’ आई म्हणाली, ‘तुमची जीप आधीच झालीये, तिला बसवा पुढे.’ तो इतका हसला की मला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकतंय. चढही ती माझा हात न धरता चढली. सभामंडपात दगड ओले होते, बाहेर धुकं, आमच्या मागे माणसं फुलं घेऊन उभी. पुजारी म्हणाले, ‘बोला आई, घरातल्यांची नावं सांगा.’

आईने पदर नीट केला. पुजाऱ्यांकडे पाठ केली, धुक्याकडे तोंड केलं आणि तिच्या त्या वर्गातल्या आवाजात तुझं नाव घेतलं. तुझं, बाबांचं, आडनाव, सगळं. इतक्या वर्षांनी. मग ती बोट वर धरून वाट बघत राहिली.

‘अहो, मी इकडे आहे,’ पुजारी म्हणाले. मागचा एक जण म्हणाला, ‘आजी, जरा लवकर, देवालाही जेवायचं असतं.’ आई त्याला म्हणाली, ‘गप्प बसा. वर्ग चालू आहे.’ माणसं हसली. मला ते हसणं सहन होईना. मी हळूच, तुझ्या आवाजात म्हटलं, ‘हजर.’

तिने मागे वळूनही बघितलं नाही. ‘दुसऱ्याची हजेरी लावायची नाही. तिला बोलू दे.’ आणि पुन्हा तुझं नाव घेतलं.

शेवटी पुजारीच म्हणाले, ‘येईल हो ती, मागून चढत असेल.’ ते तिला पटलं. ‘मग थांबू,’ म्हणाली आणि पायरीवर बसली. खालून जीपचा हॉर्न वाजत होता, लोक येऊन जात होते, ती काही उठेना. मी म्हटलं, ‘आई, ताई दुसऱ्या वाटेने खाली उतरली.’ देवळाच्या पायरीवर बसून खोटं बोलले. तेव्हा कुठे ती उठली.

तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की ती ओट्यापाशी उभी राहून तुझं नाव घेते. दाराकडे बघत थांबते. मग कशासाठी थांबलो तेच विसरते आणि खिडकी पुसायला लागते.

तुझं नाव आता तीच काढते, म्हणजे अर्धा शब्द तिनेच मोडला. उरलेला अर्धा मी या पत्राने मोडते आहे. तिच्यासाठी लिहिलं असं म्हणणार होते, पण तू लगेच पकडशील. मी माझ्यासाठी लिहिते आहे. अलीकडे ती मला ‘अगं’ म्हणते, ‘ए बाई’ म्हणते, एकदा ‘सिस्टर’ म्हणाली. माझं नाव काय, असं तिला विचारायचा धीर मला होत नाही. पण यादीत मी दुसरी आहे ना, ताई. पहिलीने उत्तर दिल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. कदाचित माझं नाव तिच्या ओठांवर असेल. कदाचित तुझ्यानंतर काहीच उरलं नसेल. तू ये. माफी मागू नकोस, तिला माफही करू नकोस, मनात नसेल तर बसूही नकोस. एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा आणि ‘हजर’ म्हण. मग गप्प राहा. पुढे ती काय म्हणते ते मला एकटीने ऐकवणार नाही.

तुझीच,
पाठची