स्नानगृहाचे दार मिटावे म्हणून एका भोकाची मागणी

प्रति,
मा. उपअभियंता,
देखभाल व रंगकाम कक्ष,
कर्मचारी निवासस्थाने.

विषय: फायबर केबलसाठी भिंतीस बोटभर भोक पाडण्याची परवानगी मिळणेबाबत (तातडीचे).

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) नव्याने रंगवलेल्या भिंतींस भोके न पाडण्याबाबतचे आपले परिपत्रक.

महोदय,

१. अर्जदार हा आपल्याच कार्यालयात आवक कारकून असून मातोश्री व पत्नीसह निवासस्थानात राहतो. आधीचे दोन्ही अर्ज अर्जदारानेच शिक्का मारून दाखल करून घेतले आहेत. सबब ते पोचले नाहीत, असे म्हणायला जागा नाही.

२. फायबरची केबल आली तेव्हा घरात आनंदीआनंद होता. परंतु संदर्भ क्र. २ मुळे केबलवाल्याने भिंतीला हात लावला नाही. त्याने स्नानगृहाच्या झरोक्यातून केबल आत घेतली, उरलेल्या केबलचे वेटोळे टॉवेलच्या खुंटीला टांगले आणि दारातून ती बाहेरच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डबीपर्यंत नेली. दार मिटले की केबल चौकटीत चिमटते. टॉवेल तेव्हापासून अर्जदाराच्या खांद्यावर असतो.

३. जाताना केबलवाल्याने मातोश्रींना समजावले, ते असे: "आजी, ह्यात वीज नाही, उजेड पळतो. आत केसाएवढा काचेचा धागा आहे, त्याच्याभोवती दुसऱ्या जातीची काच. उजेड कडेला तिरका आपटतो, बाहेर पडत नाही, आतच परततो. असा आपटत आपटत थेट तुमच्या डबीत. पण ताटलीच्या गोलाईपेक्षा जास्त वाकवलंत, की गळालाच म्हणून समजा." मातोश्रींनी तत्काळ स्वयंपाकघरातून ताटली आणून वेटोळ्याला लावून पाहिली. ती ताटली आता कोणालाही जेवायला मिळत नाही.

४. अर्जदाराची केबलविषयी तक्रार नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. तांब्याच्या जुन्या तारेवर मिक्सर सुरू झाला की समोरच्याचे बोलणे खरखरीत बुडायचे. काचेतल्या उजेडाला मिक्सरचे काही सोयरसुतक नाही. लांबून येऊनही तो फारसा मंदावत नाही, आणि एकाच धाग्यातून अख्ख्या इमारतीचे सिनेमे, शिकवण्या व भांडणे एकमेकांच्या पायात न येता जातात. "आवाज तुटतोय" म्हणून नातेवाइकांचा फोन ठेवण्याची सोय तेवढी कायमची गेली.

५. आता मूळ दुखणे. मातोश्री व त्यांची धाकटी बहीण, म्हणजे अर्जदाराची मावशी, यांच्यात लहानपणच्या एका शिवणयंत्रावरून अढी आहे. यंत्र टेबलावरून पडले, मार मातोश्रींनी खाल्ला. केबल आल्यावर मावशींनी आपणहून व्हिडिओ कॉल केला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, खरं सांगू का, ते यंत्र त्या दिवशी..." नेमके त्याच क्षणी अर्जदाराने, जन्माच्या सवयीने, स्नानगृहाचे दार लावले. उजेड गळाला. मावशींचे उघडे तोंड पडद्यावर तसेच राहिले आणि मग तेही गेले. ताईने रागाने फोन कापला असे समजून मावशी रुसल्या. मातोश्री अर्जदारास म्हणाल्या, "जन्मभर ज्या वाक्याची वाट बघितली, ते तुझ्या आंघोळीनं खाल्लं."

६. तेव्हापासून दार चार बोटे उघडे असते. आत कोणी आहे हे कळावे म्हणून आतल्याने आवाज करत राहावे, असे घरात ठरले. पत्नी गाते. अर्जदारास गाता येत नसल्याने तो संदर्भ क्र. २ मोठ्याने म्हणतो. आपले परिपत्रक अर्जदारास आता कलमांसह मुखोद्गत आहे आणि शेजारच्यांसही बरेचसे.

७. काल मावशींनी पुन्हा कॉल केला. अर्जदार तेव्हा कलम चारवर होता. बाहेरून स्वच्छ ऐकू आले, "मीच पाडलं होतं, ताई. मार मात्र तू खाल्लास." मातोश्री रडू लागल्या. ते ऐकून अर्जदारासही राहवले नाही आणि साबणासकट तो फटीत डोकावला. चित्र इतके स्पष्ट, की मावशींनी भाच्याला खांद्यावरच्या तिळासह ओळखले. रडता रडता दोघी बहिणी ज्या हसत सुटल्या, ते पाहून अर्जदारास झाल्या फजितीचे काहीच वाटले नाही. वाटले ते पुढच्या वाक्याचे. मावशी म्हणाल्या, "आता येतेच मी. महिनाभर राहते."

८. मावशी आहेत तोवर केबल काढून ठेवू, असे अर्जदाराने सुचवून पाहिले. मातोश्रींनी विचारले, "आणि तिला तिच्या नातवंडांची तोंडं रोज कोण दाखवणार? तू?" तेव्हा घरात केबल राहणार, मावशी येणार, आणि स्नानगृह एकच आहे. बोटभर भोकातून केबल ऐसपैस वळण घेऊन नेता येईल आणि दार मिटेल. रंगाचा खर्च अर्जदार सोसेल. साहेबांनी एवढाच विचार करावा, की मावशींना आपले परिपत्रक पाठ नाही.

भोकाच्या आशेवर,
आपला नम्र,
(सही)
आवक कारकून

दिनांक: मावशी येण्याआधीचा सोमवार

सोबत:
१) दाराचे छायाचित्र (मिटलेल्या अवस्थेतले काढता आले नाही).
२) भोकास हरकत नसल्याचे मातोश्रींचे सहीनिशी पत्र.
३) ताटली, एक, वळणाच्या मापासाठी. काम होताच परत मिळावी, मावशींना जेवायला लागेल.