दहिसर नदीची ओटी

दौलतनगर, बोरिवली (पूर्व)
मंगळवार

तीर्थरूप कुंदाअक्का हिच्या पायांवर धाकट्या गुणाजीचं डोकं. (ते रिकामं आहे हे तुझं जुनं मत, तेव्हा पायांना भार व्हायची भीती नाही.)

इकडे सर्व ठीक. वनमालाचा गुडघा आणि माझी साखर, दोन्ही आपापल्या वेळेला चढतात-उतरतात. तुझ्या डोळ्यांत थेंब नियमित घालतेस ना? मुलुंडला अजून खालच्या मजल्यावरचा तो गृहस्थ पहाटे पेटी वाजवतो की सुटलीस? तू म्हणशील, या जमान्यात पत्र कसलं लिहितोस मेल्या. तर बाई, फोनवर मी 'लग्न' म्हटलं रे म्हटलं की तू 'कुकर लागलाय' म्हणून ठेवून देतेस. गेला महिनाभर तुझा एकटीचा इतका कुकर लागतोय की अख्ख्या मुलुंडमध्ये कुणी उपाशी राहिलं नसेल. व्हॉट्सअॅप तू उघडत नाहीस. पण घरात आलेलं पत्र न वाचता ठेवणं तुला कधी जमलेलं नाही, लहानपणी तर शेजाऱ्यांचीसुद्धा वाचायचीस. म्हणून हा उद्योग.

विषय आमच्या लेकाच्या, तुझ्या लाडक्या प्रीतमच्या लग्नाचाच आहे, कुकर बंद कर. आपल्याकडे नवी सून यायच्या आधी घरातल्या थोरल्या लेकीने नदीची ओटी भरायची ही रीत. का भरायची ते बाबांनाही ठाऊक नव्हतं (मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'गप बस, भरूक व्हयी म्हणान भरतत'). माझ्या लग्नाला तू गावच्या नदीत उतरून भरलीस. आता भाऊजी गेल्यावर तू फर्मान काढलंस, की तुझा हात शुभकार्याला चालत नाही, वनमालाने भरावी, गाव लांब तर दारची दहिसर नदी चालेल, फक्त पाणी स्वच्छ नि वाहतं पाहिजे, आणि लग्नाचे फोटो पाठवा. फोटो! अगं, प्रीतमला न्हाऊ-माखू घालणारी बाई फोटो बघणार. मी तोंड उघडेपर्यंत तुझा कुकर लागला.

पण ओटी तर भरायला हवी होती. दारची नदी म्हणणं सोपं आहे अक्का, ती आमच्या खिडकीतून दिसते, त्यातही वास जास्त दिसतो. स्वच्छ पाणी हवं तर उगमाकडे जायला हवं, म्हणून पहिल्यांदा आम्ही नॅशनल पार्कात गेलो. खरा उगम पार आत, तिथे आपल्याला सोडत नाहीत, पण सोडतात तिथवर गेलो तरी काय सांगू, घोट्याएवढं झुळझुळ पाणी, तळातला दगड न् दगड दिसतोय, बोटाएवढे मासे पायाला गुदगुल्या करताहेत. हीच आपल्या मागची नदी हे वनमालाला पटेना. ती म्हणाली, ही हिची धाकटी बहीण असणार. तिथला पहारेकरी भला माणूस, त्याने नीट समजावलं की पाण्यात नारळ, हळद, तांदूळ काही टाकायचं नाही, नियम आहे. नियम योग्यच आहे, मी त्याला तसं म्हटलंही आणि त्याची पाठ वळताच पिशवी उघडली. तर झाडावरून एक माकड आलं आणि खण घेऊन गेलं. खास तुझ्या पसंतीचा हिरवा खण गं, दादरहून आणलेला. केळी समोर होती, त्यांना हात लावला नाही. वर फांदीवर बसून त्याने तो डोक्यावरून घेतला आणि आमच्याकडे असं बघत बसलं, जशी मुलीकडची मंडळी आम्हीच. वनमाला म्हणाली, चला, कुणाची तरी ओटी भरली. त्या दिवशी तसेच परत आलो.

मग दुसरा खण आणून विचार केला, पुलावरूनच भरू, वाहती तर आहे. (स्वच्छ या अटीकडे मी काणाडोळा केला, तूही कर.) आता बघ, पार्कात ती मनाला येईल तशी वळत असते, आणि फाटकाबाहेर पडून सोसायट्यांच्या मागे आली की दोन्ही बाजूंनी भिंती, सरळ चाल, इकडे-तिकडे बघायचं नाही. रंग बिनदुधाच्या चहाचा. सकाळी जिच्यात तोंड धुवावं तिच्याकडे दुपारी नाक धरून बघायचं, आणि मधलं अंतर पायी गेलं तरी दम लागत नाही एवढं. पुलावर लोकांनी काही फेकू नये म्हणून उंच जाळी. मी शाळेत गोळाफेकीत दुसरा आलो होतो (स्पर्धक किती होते ते विचारू नकोस), म्हटलं नारळ वरून टाकू. नारळ जाळीवर आपटून परत माझ्याच पायाशी. खणाची पुडी मात्र वर अडकली ती अजून तिथेच फडफडतेय. तेवढ्यात आमच्या बी विंगमधला मुकुल मोबाईल रोखून हजर. काका, नदीत कचरा टाकू नका म्हणाला. मी म्हटलं, कचरा नाही, ओटी आहे. तर म्हणे, काका, नाल्याची कसली ओटी? आता मला सांग, मला अडवताना ती नदी आणि ओटी घेताना नाला, हा कुठला न्याय? मी त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं आणि त्याने ते सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. लिफ्टमध्ये आता लोक मला बघून 'झकास फेक काका' म्हणतात. पुरती वाट लागली.

राहिलं नदीचं मुख. म्हणून रविवारी तिसरा खण घेऊन गोराईच्या जेट्टीवर गेलो. लाँचमध्ये माणसं, स्कूटर, कोंबड्या आणि आम्ही. नदी खाडीला नेमकी कुठे मिळते हे मी लाँचवाल्याला विचारलं तर त्याने तिवरांकडे हात केला आणि म्हणाला, मघाशी मिळाली की. म्हणजे आम्ही तिकीट काढत होतो तेव्हा आमची नदी संपली. पण संपली असं वाटेना गं. इथे तिला भिंती नाहीत, एवढी ऐसपैस पसरलीय, चिखलात खेकडे, वर बगळे, नाक धरायला नको. पलीकडच्या धक्क्याच्या पायरीवरून वनमालाने नारळ सोडला. तो थोडा गेला आणि परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. शेजारी रिकामी पाटी घेऊन बसलेली कोळीण हसायला लागली, भरती आहे, आता नदीच माघारी घरी चाललीय, ओहोटी लागेपर्यंत बसा. मग बसलो शेंगा खात.

तिथे बसल्या बसल्या मला तुझा फार राग आला. वर गोड, मध्ये काळी, खाली खारट, पण बाई तीच ना? पाणी खारट झालं म्हणून तिथल्या कुणी तिची ओटी भरायची सोडलेली दिसली नाही, आमच्यासमोर दोघींनी फुलं सोडली. मग भाऊजी गेले म्हणून तू आमची थोरली लेक राहिली नाहीस, हे तुला कोणी सांगितलं? भाऊजी असते तर त्यांनीच तुला हाताला धरून आणली असती. आम्हाला तुझ्याशिवाय करमत नाही, आणि तू तिकडे कुकर लावत बसतेस. असो. तर ओहोटी लागली, वनमालाने नारळ सोडला आणि तो गेला एकदाचा. ओटी यथासांग झाली.

तुझा (रागावलेला)
गुणाजी

ता. क. – आता तुला कशालाही हात लावायचा नाहीये, तेव्हा सबब उरली नाही. लग्नाला ये आणि नुसती पुढच्या खुर्चीवर बस. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २ – वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. ओटी झालेली नाही. ओहोटी लागली तेव्हा हे परतीच्या फेरीवरून लाँचवाल्याशी वाद घालत होते. मी नारळ पिशवीत टाकला आणि 'गेला हो' म्हटलं. यांनी पाण्याला नमस्कार केला. यांना सांगू नका, उगाच पुन्हा फेकाफेकी करतील. मी या घरात आले तेव्हा इथलं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. तुम्ही दारात येऊन म्हणालात, 'ये, नदीला सांगून आलेय तुझ्याबद्दल.' येणाऱ्या सुनेला, मानसीला हे मी कसं म्हणू? ते तुम्हीच म्हणायचं. येत्या रविवारी सकाळी ओहोटी आहे. मी प्रीतमला घेऊन तुमच्या इमारतीखाली येते. जुनी साडी नेसा, तिथे चिखल फार आहे.
– वनमाला