यादीत नसलेला केंद्राध्यक्ष

१२ डिसेंबर, शुक्रवार
काल ढाक्याहून घोषणा झाली. १२ फेब्रुवारीला मतदान. दीड वर्षापूर्वी पोरांनी सरकार पाडलं, हंगामी सरकार आलं, आणि आता हे हंगामी लोक म्हणतात की देशाच्या इतिहासातली सर्वांत चांगली निवडणूक घेऊ. घ्या की. पण कोणाच्या जिवावर? निवडणूक भाषणांनी होत नाही, माणसांनी होते. शालडांगा हायस्कूलच्या केंद्रावर सलग तीन निवडणुका केंद्राध्यक्ष कोण होता? मी. मोतालेब हुसेन, उपमुख्याध्यापक, गणित.
तीन निवडणुकांत एक तक्रार नाही. मागच्या खेपेला निकाल वीस मिनिटांत तयार. मतदान सत्त्याण्णव टक्के. त्यात सौदीला गेलेले सोळा जण होते आणि कबरस्तानातले नऊ. एवढा उत्साह आता कुठे दिसायचा?
आजपासून रोजनिशी. पुढे संदर्भाला लागेल.

१३ डिसेंबर
काळा कोट बाहेर काढला. कॉलरला कसर लागली आहे. हासनाला म्हटलं, रफू करून ठेव, ड्यूटी येतेय. ती म्हणाली, "पत्र आलं का?" बायकोला नवऱ्यावर विश्वास नाही. राग आला, पण गिळला. निश्चय: फेब्रुवारीपर्यंत रागवायचं नाही. रक्तदाब.

१४ डिसेंबर
निश्चय मोडला. दोष माझा नाही. जोब्बारच्या टपरीवर चहा घेत होतो. जोब्बार सगळ्यांसमोर म्हणतो, "सर, यंदा रात्री झोपायला मिळणार म्हणे तुम्हाला?" पाच-सहा रिकामटेकडे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, याचा अर्थ काय? तर म्हणे, "काही नाही सर, मागे एकदा मतपेट्या रात्रीच भरल्या होत्या ना, जागरण झालं असेल."
माणूस कामाचा असला की काम आदल्या रात्री उरकून ठेवतो. याला पूर्वतयारी म्हणतात. चहा विकणाऱ्याला काय कळणार?
जोब्बारच्या चहावर बहिष्कार. कायमचा.

१७ डिसेंबर
दुसऱ्या टपरीवर साखर फार. मधुमेहाचा विचार करावाच लागतो. जोब्बारकडे गेलो, पण त्याच्याशी बोललो नाही. त्याने न विचारता आल्याचा चहा दिला. हा अपराधीपणा.

४ जानेवारी, रविवार
यादी लागली. माझं नाव नाही.
परत वाचली. नाही.
टाइपिंगची चूक. उद्या उपजिल्हा कचेरीत जातो.

५ जानेवारी
चूक नाही.
कारकून पोरसवदा, मिसरूड फुटलेली नाही. म्हणाला, "सर, आधीच्या तिन्ही निवडणुकांना जे केंद्राध्यक्ष होते, त्यांना शक्यतो घ्यायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय." मी विचारलं, म्हणजे अनुभव हा गुन्हा झाला का? तर म्हणतो, "कसला अनुभव, त्यावर आहे."
बसमधून उतरेपर्यंत कानशिलं तापलेली होती. गावात धुकं इतकं, की समोरचा माणूस दिसेना. बरं झालं. कोणाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.
आणि माझ्या जागी कोण? तहमिना अख्तर. शामसुल सुताराची मुलगी. आता सरकारी बँकेत अधिकारी आहे म्हणे. आठवीत भूमितीत एकतीस मार्क. मीच दिलेले. एकतीस मार्कांच्या हातात देश!

८ जानेवारी
अर्ज लिहायला घेतला. अकरा पानं झाली. देशाची हानी, माझी सेवा, अनुभवाचं महत्त्व, तहमिनाची भूमिती. हासना म्हणाली, "अहो, एवढं कोण वाचणार? एका पानात लिहा, मला का काढलं म्हणून." मी म्हटलं, का काढलं ते मला माहीत आहे. ती म्हणाली, "मग विचारता कशाला?"
जेवलो नाही. (नंतर जेवलो. सुक्या बोंबलाचं कालवण होतं. त्याचा काय दोष?)

१८ जानेवारी
अर्जाला उत्तर नाही. पोस्टखातं भ्रष्ट आहे.

२४ जानेवारी, शनिवार
तहमिना शाळा बघायला आली. मुख्याध्यापकांनी मुद्दाम मलाच बोलावलं, वर्ग दाखवा म्हणून. हा अपमान ठरवून केलेला आहे.
ठरवलं होतं, एका शब्दाने मदत करायची नाही. पण तिने बायकांची रांग पश्चिमेच्या व्हरांड्यात लावायचं म्हटल्यावर राहवलं नाही. तिथे पायऱ्या तुटक्या आहेत, म्हाताऱ्या पडतील. सांगितलं. तिने वहीत लिहून घेतलं. "थँक्यू सर." असंच आठवीत लिहून घेतलं असतं तर!
मग सहाव्या वर्गापाशी थांबली. म्हणाली, "सर, मागच्या निवडणुकीला मी इथे आले होते. सकाळी सव्वानऊला. आयुष्यातलं पहिलं मत. तुम्ही यादी बघून म्हणालात, तुझं झालंय, घरी जा."
मी म्हटलं, मला आठवत नाही, त्या गर्दीत कोण कोण लक्षात ठेवायचं. ती म्हणाली, "गर्दी नव्हती, सर. तुम्ही, दोन पोलीस आणि मी."
आवाजात राग नव्हताच. भांडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. फक्त वही मिटली आणि बाकं मोजायला पुढे गेली.
पोरीला उन्हात ताटकळायला लागू नये म्हणूनच घरी पाठवलं असणार. जानेवारीतलं सकाळचं ऊनसुद्धा वाईट असतं.

२५ जानेवारी
दिवसभर संताप. वर्गात तीन पोरांना उभं केलं. कारण आता आठवत नाही.

१ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. गणिती पद्धतीने. यंदा प्रत्येकाला दोन मतपत्रिका: एक खासदाराची, एक सार्वमताची. मतदार दोन हजारांवर. कर्मचारी नवखे. खरेच मतदार येणार. म्हणजे अकरा वाजेपर्यंत गोंधळ, बारापर्यंत हाणामारी, साडेबाराला तहमिना रडकुंडीला. मग धावत येणार कोणाकडे?
बॅग भरून ठेवली. टॉर्च, सील करायची लाख, काडेपेटी, मुरमुरे, रक्तदाबाच्या गोळ्या. लगेच हो म्हणायचं नाही. आधी माफी मागायला लावायची, लेखी.

६ फेब्रुवारी
हासनाचं काय चाललंय कळत नाही. शेजारच्या फोरकानच्या आईबरोबर अंगणात बसून कागदाची घडी कशी घालायची त्याचा सराव करते. मतपत्रिकेवरच्या शिक्क्याची शाई दुसऱ्याच्या चिन्हाला लागू नये म्हणून उभी घडी. मला विचारलं, "असंच ना?" मी म्हटलं, तुला काय करायचंय? इतकी वर्षं कधी गेली होतीस?
ती म्हणाली, "जायला निघाले होते की तिन्ही वेळा. तुम्हीच म्हणायचात, कशाला पाय झिजवतेस, तुझं मी केलंय."
बायकोची सोय बघणं हाही आता गुन्हा.

११ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी पेट्या आल्या. तीनचाकी व्हॅनवर, पुढे पोलीस. सगळ्या पारदर्शक, रिकाम्या. मी शाळेच्या फाटकातून पाहिल्या. पूर्वतयारी शून्य! उद्या यांचं काय होणार, अल्लाच जाणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ६:३०. कोट चढवला. फोन चार्ज केलेला. मी मत द्यायला जाणार नाही. ज्या केंद्राने मला नाकारलं, तिथे रांगेत उभा राहायला मी काय भिकारी आहे?

७:१०. हासना गेली. निळी साडी. विचारलंसुद्धा नाही. रोट्या झाकून ठेवल्या आहेत.

९:४०. फोन नाही.

११:२०. फोन नाही. हासनाही नाही. नक्की हाणामारी सुरू झाली. चार लोकांना विचारायला घराच्या फाटकापाशी गेलो. रस्त्यावर सणासारखी माणसं. जोब्बार टपरी सोडून रांगेतल्यांना चहा पोचवतोय. आरडाओरडा ऐकू येत नाही. वारा उलटा असावा.

१:१५. हासना आली. अंगठा काळा. पाच तास उभी होती म्हणे. पायऱ्यांपाशी दोरी बांधली आहे, बायकांची रांग दुसऱ्या बाजूने नेली, म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. स्वयंपाक केला नाही, अंगणात पाय पसरून बसली आणि शाई बघत राहिली. विचारलं, कोणाला दिलंस? म्हणाली, "सांगायचं नसतं." चौतीस वर्षांचा संसार! मी आवाज चढवला. ती म्हणाली, "ओरडा. तरी नाही सांगणार." आणि हसली. असं हसताना तिला कधी पाहिलं होतं, ते आठवेना. त्याचाही राग आला.

२:५०. फोन वाजला! तहमिना!
कोटाची बटणं लावली. सहा वेळा वाजू दिला. मग घेतला. म्हटलं, बोल, किती बिघडलंय?
ती म्हणाली, "काही नाही, सर. सगळं नीट चाललंय. यादीत तुमचं नाव शिल्लक दिसलं, म्हणून फोन केला. बरं नाही का तुम्हाला? साडेचारला फाटक बंद होईल. त्याच्या आत आलात तर मत देता येईल."
मी म्हटलं, बघतो. तिने ठेवून दिला. मागे गलका ऐकू येत होता. माणसांचा.

५:३०. गेलो होतो. हासना एकटक बघत होती, म्हणून गेलो. बॅग घरी ठेवली.
दीड तास रांगेत. पुढे जोब्बार होता. कोटाकडे बघितलं आणि जरा सरकून सावलीत जागा दिली. टेबलावरच्या मुलाने नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, माझा फोटो यादीतल्या फोटोशी ताडून पाहिला. मोठ्याने वाचलं: मोतालेब हुसेन. कोणी म्हणालं नाही की झालंय. अंगठ्याला शाई लावली. तहमिना कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून काही लिहीत होती. तिला वर बघायलाही सवड नव्हती.
दोन कागद दिले. शिक्का दिला. आडोशामागे गेलो. शिक्का हलक्या प्रतीचा, दांडा डुगडुगतो.
एका कागदावर मारला. दुसऱ्यावर मारला. हात आपसूक तिसऱ्यांदा वर गेला. खाली गठ्ठा नव्हता, नुसतं टेबल.
बाहेरून पोलीस म्हणाला, "चाचा, झालं असेल तर या बाहेर. मागे लोक उभे आहेत."